थायरॉइड ग्रंथीचा पूर्वेतिहास

हैदराबादच्या ज्या ग्रॅनाइट खडकांवर आपली घरे उभी आहेत, ते सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तप्त शिलारस थिजून घडलेल्या या खडकांत जीवाश्म सापडणे नाही. परंतु पृष्ठवंशीय प्राण्यांच्या आदिपूर्वजांची एक खूण आपण प्रत्येकजण गळ्यात वागवीत असतो. ती म्हणजे थायरॉइड, अर्थात अवटु ग्रंथी. आज संप्रेरक स्रवणारी ही ग्रंथी मुळात अन्न पकडण्याचे साधन होती. हा इतिहास ठाऊक असला तर नवजात बालकांतील एका आजाराचे मर्म उमगते, म्हणून हा लेखप्रपंच.

ॲम्फिऑक्सस व हर्डमानिया यांच्या आकृत्या काढल्याचे डॉक्टर वाचकांना स्मरत असेलच. हे समपृष्ठरज्जू प्राणी होत. म्हणजे निदान बाल्यावस्थेत तरी त्यांच्या शरीराला पृष्ठरज्जू नामक लवचीक दंडाचा आधार असतो. त्यांना जबडा नाही व दातही नाहीत. तोंडावाटे पाणी घ्यायचे, घशाच्या भिंतीतील फटींतून ते सोडायचे आणि त्यातील अन्नकण गाळून घ्यायचे, ही त्यांची रीत. घशाच्या तळाशी एंडोस्टाइल नावाची पन्हळ असते. तिच्यातून स्रवणाऱ्या चिकट श्लेष्मात कण अडकतात व आतड्याकडे नेले जातात. याच पन्हळीतील काही पेशी समुद्रातील आयोडीन प्रथिनांशी जोडतात.

ही रचना किती जुनी असावी? मऊ अवयव जीवाश्मरूपात क्वचितच टिकतात. चीनमधील चेंगजियांग येथील सुमारे ५१.८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मात्र ते टिकले आहेत. तेथील हायकोएला या इवल्याशा प्राण्याचे वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या घशात कल्ल्यांच्या कमानी असून तळाशी एंडोस्टाइलसारखी पन्हळ असावी, असे संशोधकांनी मांडले. वंशवृक्षावर त्याला कोठे बसवावे याविषयी मतभेद आहेत. २०२२ साली त्याच्या गटातील प्राण्यांच्या कमानींत पेशीयुक्त कूर्चा आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि तो आपल्या वंशाच्या जवळचा असल्याच्या मताला बळ मिळाले.

पुढे काही वंशांनी गाळून खाण्याऐवजी पकडून खाण्याचा मार्ग धरला. कोनोडॉन्ट या ईलसदृश, आता नामशेष झालेल्या प्राण्यांच्या तोंडात कॅल्शियम फॉस्फेटचे दातांसारखे सूक्ष्म भाग होते. असे भाग श्रीनगरजवळील गुरयुल खोऱ्यातही सापडले आहेत. आपले दात मात्र त्यांच्यापासून आले नसून स्वतंत्रपणे उद्भवले, असे आता मानले जाते.

मग गाळणीच्या पन्हळीचे काय झाले? याचे उत्तर लॅम्प्री या जबडाहीन प्राण्यात आजही पाहावयास मिळते. त्याची अळी एंडोस्टाइलच्या साहाय्याने अन्न गाळते. अळीचा प्रौढ होताना त्याच अवयवाची थायरॉइड ग्रंथी बनते. हे नाते विल्हेल्म म्युलर यांनी १८७३ सालीच सुचविले होते.

मानवी गर्भातही ही ग्रंथी चौथ्या आठवड्यात घशाच्या तळाशी, जिभेच्या मुळापाशी उगवते आणि सातव्या आठवड्यापर्यंत मानेत उतरते. ती वाटेत अडली तर जिभेच्या मुळाशीच राहते. वाटेचा अंश उरला तर पुढे तेथे गाठ येते व जीभ बाहेर काढताच वर सरकते. ही ग्रंथी घडविणाऱ्या पॅक्स-८ या जनुकाचा भाऊबंद हर्डमानियाच्या कुळातील प्राण्यांच्या एंडोस्टाइलमध्येही कार्यरत असतो. मुलांमध्ये पॅक्स-८ मध्ये दोष असेल तर ग्रंथी अपुरी घडू शकते.

ग्रंथी अशी अपुरी वा अस्थानी असूनही बाळ जन्मतः निरोगी दिसते, कारण आईचे थायरॉक्सिन काही काळ पुरते. पुढे ते सुस्तावते, दूध पिता पिता झोपते, कावीळ रेंगाळते. घरातील वडीलधारी मंडळी कौतुकाने म्हणतात, "किती गुणी बाळ, मुळीच रडत नाही!" बालरोगतज्ज्ञ या नात्याने हे कौतुक ऐकले की मला धास्ती वाटते, कारण याच आठवड्यांत मेंदूची वाढ थायरॉक्सिनवाचून खुंटते, आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही.

हा आजार विरळा नाही. आपल्याच शहरातील चार शासकीय प्रसूतिगृहांत जन्मलेल्या १८,३०० बालकांच्या तपासणीचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १,७०० बालकांमागे एकास हा दोष आढळला. तरीही देशभर ही तपासणी अद्याप सरसकट होत नाही.

जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतून रक्ताचे काही थेंब घेतले की संशय कळतो. निदान पक्के होऊन पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बहुतेक बालके इतरांसारखीच वाढतात, शिकतात. माझ्या डॉक्टर मित्रांना विनंती की, प्रसूतीनंतर घरी पाठविण्यापूर्वी ही तपासणी झाली आहे ना, हे पाहावे. आजी-आजोबांनीही नातवंडाच्या टाचेला सुई टोचू देण्यास हरकत घेऊ नये.