पाठीमागचे चिमटे

फोनवर दिसणाऱ्या कुर्त्याच्या पाठीला अनेकदा चिमटे लावलेले असतात. मॉडेलच्या अंगावरचे जास्तीचे कापड मागे गोळा करून पकडले, की समोरून कुर्ता मापाने शिवल्यासारखा बसतो. कॅटलॉगचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत हे इतके नेहमीचे आहे की तिथे कुणी त्याची वेगळी दखलही घेत नाही. मदतनीस स्टीमरने सुरकुत्या काढतो, स्टायलिस्ट चिमटे लावते, फोटोग्राफर भराभर क्लिक करतो आणि पुढचा कपडा येतो. पाठीची बाजू दाखवायची असेल तर चिमटे पुढे सरकतात. उरलेले काम रिटचिंग करणारा संगणकावर करतो. लोंबणारा धागा पुसतो, काखेजवळची चुणी सपाट करतो, दोन्ही बाह्या एका रेषेत आणतो.

बंगळुरूत हा विषय निघणे साहजिक आहे. फ्लिपकार्ट आणि मिंत्रा या दोन्ही कंपन्या २००७ साली याच शहरात सुरू झाल्या, २०१४ मध्ये स्विगी आली, २०१५ मध्ये मीशो. सोलापुरातल्या बाईला दिसणारी साडी किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला दिसणारा बूट स्क्रीनवर कसा मांडायचा, याचे निर्णय बऱ्याच अंशी इथल्या कचेऱ्यांमध्ये होतात. त्याच शहरातल्या चिकपेटेत आजही साडी घेणारी बाई पदर बोटांत धरून पोत पाहते, दुकानदाराला साडी उलगडायला लावते, दाराशी नेऊन उजेडात रंग बघते. पुण्याच्या लक्ष्मी रोडवरही हेच चालते. ऑनलाइन खरेदीत हाताचे, नाकाचे, वजनाच्या अंदाजाचे सगळे काम एकट्या डोळ्यांवर येऊन पडते. त्यामुळे तिथला फोटो ही मालाची सजावट राहत नाही. पैसे देईपर्यंत ग्राहकाच्या दृष्टीने तोच माल असतो.

या फोटोंचे काही नियम ठरून गेले आहेत. अ‍ॅमेझॉनवर वस्तूच्या मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचे मूल्य २५५, आणि वस्तूने चौकटीचा निदान ८५ टक्के भाग व्यापायला हवा. इतर ठिकाणीही साधारण हीच पद्धत रुळली आहे. हेतू चांगला आहे: पसारा नको, वस्तू स्पष्ट दिसावी. पण पांढऱ्या पार्श्वभूमीसोबत सावली जाते, शेजारच्या वस्तू जातात आणि आकाराचा अंदाजही जातो. चौकट भरून दिसणारा डबा अर्ध्या किलोचा की पाच किलोचा, हे डोळ्यांना कळायचा मार्ग उरत नाही. सेंटिमीटरमधली मापे खाली लिहिलेली असतात, पण मन आधीच चित्रावरून ठरवून मोकळे झालेले असते. शर्टांसाठी ‘घोस्ट मॅनेक्विन’ नावाची युक्ती आहे. शर्ट पुतळ्यावर चढवून एक फोटो काढायचा, कॉलरच्या आतल्या बाजूचा दुसरा काढायचा, पुतळा पुसून दोन्ही जोडायचे. मग शर्ट हवेत, एका आदर्श छातीवर बसल्यासारखा तरंगतो. ती छाती कुणाचीच नसते.

मला या सगळ्यात सरसकट फसवणूक दिसत नाही, आणि हे नीट सांगायला हवे. धूपछाव पैठणीचे उदाहरण घ्या. तिच्यात उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात. पदर हलला की हिरव्यातून जांभळा डोकावतो, आणि तिचे सगळे सौंदर्य त्या हलण्यात आहे. कॅमेरा एकच क्षण, एकच कोन पकडतो. स्टुडिओतल्या दिव्यात जर चकाकून पांढरट होते, मोरपंखी रंग निळ्याकडे झुकतो आणि वांगी रंग भलतीकडेच जातो. अशा वेळी रंगाची पट्टी शेजारी ठेवून संगणकावर दुरुस्ती करणारा माणूस खोटे बोलत नसतो. कॅमेऱ्याने केलेली चूक तो निस्तरत असतो, आणि त्याने काम चोख केले तर येवल्याची साडी स्क्रीनवर अधिक खरी दिसते. फोटो संपादित केला आहे का, हा प्रश्न म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. संपादनाने फोटो वस्तूच्या जवळ गेला की वस्तूपासून दूर, हे विचारायला हवे. रंगाची दुरुस्ती जवळ नेते. चिमटे दूर नेतात. म्हणून प्रत्येक कपड्याचा निदान एक फोटो सैल, जसा आहे तसा दाखवणे या कंपन्यांनी विक्रेत्यांना सक्तीचे करावे, असे मला मनापासून वाटते. चुकीच्या मापाचे कपडे परत पाठवण्यात ग्राहकाचा वेळ आणि कंपनीचा पैसा, दोन्ही जातात.

हा फरक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे साठ वर्षांपूर्वीच तपासला गेला. कोलगेट-पामोलिव्हच्या ‘रॅपिड शेव्ह’ या दाढीच्या क्रीमची टीव्हीवर जाहिरात होती. सँडपेपरवर क्रीम लावायचे, लगेच वस्तरा फिरवायचा, आणि कागद गुळगुळीत. प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हताच, वाळू चिकटवलेली प्लास्टिकची काच होती. खऱ्या सँडपेपरवर हे साधायला तो सुमारे ८० मिनिटे भिजवावा लागे. खरा सँडपेपर त्या काळच्या पडद्यावर साध्या कागदासारखा दिसतो, हा कंपनीचा बचाव होता आणि तो तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नव्हता. तरी १९६५ मध्ये न्यायालयाने निकाल कंपनीविरुद्ध दिला. दिव्यांच्या उष्णतेने आइस्क्रीम वितळते म्हणून दृश्यात बटाट्याचा लगदा ठेवला तर ती केवळ सोय आहे. पण प्रेक्षकाला ‘तुमच्या डोळ्यांनी पाहा’ असे म्हणून दाखवलेला पुरावाच बनावट असेल, तर ती फसवणूक आहे. पुढच्या जाहिराती तपासायला मला हीच कसोटी सर्वांत सरळ वाटते.

ती कसोटी आपल्याकडच्या गोरेपणाच्या क्रीमला लावून पाहावी. ‘फेअर अँड लव्हली’ भारतात १९७५ मध्ये आली आणि एकाच चेहऱ्याच्या ओळीने लावलेल्या छटा आपल्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसल्या. ‘आधी’च्या फोटोत उजेड वरून आणि कठोर, डोळ्यांखाली सावली, ओठ मिटलेले. ‘नंतर’च्या फोटोत मऊ दिवा समोरून, केस नीट, चेहऱ्यावर हसू. त्वचेच्या छटेला हातही न लावता एवढ्यानेच चेहरा उजळतो. भारतीय जाहिरात मानक परिषद म्हणजे ‘आस्की’ ही जाहिरात क्षेत्राने १९८५ मध्ये स्वतःहून उभारलेली संस्था आहे. २०१४ मध्ये तिने या उत्पादनांसाठी नियम केले, त्यात सावळ्या माणसांना दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नये असे सांगितले आणि वापरापूर्वीच्या चेहऱ्यावरचे भाव नकारात्मक नसावेत अशी वेगळी सूचना केली. नियम करणाऱ्यांना हावभावावर बोट ठेवावे लागले, यावरूनच त्या फोटोंमध्ये क्रीमपेक्षा हावभावाचे काम किती मोठे होते ते कळते. २०२० मध्ये क्रीमचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. त्या चित्रांकडे पाहत मोठ्या झालेल्या मुलींनी आरशासमोर काय सोसले, याचा हिशेब नाव बदलून चुकता होत नाही.

ब्रिटनमध्ये २०११ साली जाहिरात नियामकाने लॉरिआल कंपनीच्या दोन जाहिराती थांबवल्या. एकीत ज्युलिया रॉबर्ट्स होती, दुसरीत क्रिस्टी टर्लिंग्टन. चेहऱ्यावरची नितळ कांती प्रसाधनाने साधली की रिटचिंगने, हे कंपनीला पुरेसे सिद्ध करता आले नाही. इस्राएलने २०१२ मध्ये, फ्रान्सने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२२ मध्ये शरीराची ठेवण बदललेल्या जाहिरातींवर तसे नमूद करणे बंधनकारक केले. हा उपाय ऐकायला पटतो. पण ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञ मारिका टिगमन आणि इतर अभ्यासकांनी असे फोटो टिपेसह आणि टिपेविना स्त्रियांना दाखवून पाहिले, तेव्हा टिपेमुळे स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी फारशी कमी होत नाही असेच वारंवार दिसले. बदललेला आहे हे वाचून कळले, तरी पाहिलेला देह मनातून पुसला जात नाही.

बंगळुरूत चित्रावर विसंबणे सर्वांत महाग पडते ते घराच्या बाबतीत. कुर्ता परत जातो, वीस वर्षांचे कर्ज जात नाही. सर्जापूर रोड, व्हाइटफील्ड, देवनहळ्ळी या बाजूंना फ्लॅट शोधणाऱ्यांत महाराष्ट्रातून आयटीच्या नोकरीसाठी आलेली जोडपी पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती प्रथम पडते ते माहितीपत्रक, आणि त्यातली इमारत अजून उभीच नसते. चित्र पूर्णपणे संगणकावर तयार होते. वेळ संध्याकाळची निवडतात, आकाश गडद निळे आणि खिडक्यांतला उजेड पिवळा दिसतो तेवढीच पाऊण घटका. झाडे वीस वर्षे वाढलेली दाखवतात, ताबा मिळेल तेव्हा तिथे काठीला बांधलेली रोपे असतील. शेजारच्या इमारती गायब असतात, त्यांच्या जागी हिरवळ असते. रस्त्यावर एक-दोनच गाड्या. नमुना फ्लॅटचे फोटो वाइड अँगल लेन्सने काढलेले असतात आणि ती लेन्स समोरची भिंत मागे ढकलते. पलंग थोडा आखूड आणि कपाटे उथळ ठेवली की खोली आणखी ऐसपैस वाटते. खरा फोटो असेल आणि आभाळ मळकट असेल, तर फोटोशॉपमध्ये २०२० पासून आभाळ बदलण्याची तयार सोयच आहे.

आणि तळे. बंगळुरूच्या घरांच्या जाहिरातींत तळ्याचे पाणी नेहमी निळे आणि स्थिर असते. याच शहरातल्या बेळ्ळंदूर तळ्यावर सांडपाण्याचा पांढरा फेस रस्त्यावर येईपर्यंत साचला होता, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये व जानेवारी २०१८ मध्ये त्या परिसरात आगी लागल्या. सप्टेंबर २०२२ च्या पावसात आउटर रिंग रोड आणि सर्जापूरच्या बाजूच्या महागड्या वसाहतींत पाणी शिरले, रहिवाशांना ट्रॅक्टरमधून बाहेर काढावे लागले. पावसाचे पाणी ज्या वाटांनी एका तळ्यातून दुसऱ्यात जायचे त्या राजकालुवे नावाच्या नाल्यांवर बांधकामे झाली, हे त्यामागचे एक मोठे कारण. इमारतीच्या चित्रात राजकालुवे कधी दिसत नाही. चित्र काढणाऱ्याने तो खोडलेला नसतो, कारण तो मुळात काढलेलाच नसतो. जाहिरातीतल्या चित्राची खरी ताकद या वगळण्यात आहे, आणि कायद्याला तेच पकडणे सर्वांत अवघड जाते.

चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हे केवळ कल्पनाचित्र आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी टीप दाव्याच्याच भाषेत आणि त्याच्याच टाइपात हवी, आणि दिशाभूल करणारा दावा टिपेने दुरुस्त करू पाहणे चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम चांगले आहेत. पण ते लिहिताना दावा म्हणजे वाक्य असे धरून चाललेले दिसते. निळ्या तळ्याचा टाइप कोणता म्हणायचा? पानभर चित्राने दिलेले आश्वासन दोन ओळींची टीप काढून घेऊ शकते, हे मला मान्य नाही. जे दाखवले ते सांगितल्यासारखेच धरले पाहिजे.

घरांच्या कायद्याने हे काही प्रमाणात ओळखले आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये जाहिरात आणि माहितीपत्रक यांच्या जोडीला नमुना फ्लॅटचाही उल्लेख आहे. त्यातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला नुकसानभरपाई मागता येते, आणि प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर व्याजासह पूर्ण रक्कम परत मागता येते. महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला. तो स्कॅन केला की मंजूर नकाशा आणि प्रकल्पाची नोंदणी थेट दिसते, म्हणजे चित्रासमोर ठेवायला दुसरे चित्र मिळते. ऑनलाइन मालासाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. माल जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल तर तो परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.

आता चित्र बनवणे आणखी सोपे झाले आहे. अडोबीने मे २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये शब्दांवरून चित्राचा हवा तो भाग तयार करणारी सोय आणली. त्याच वर्षी मार्चमध्ये लिव्हाइसने संगणकाने घडवलेल्या मॉडेलवर कपडे दाखवण्याचा प्रयोग जाहीर केला. कपडा शिवण्याआधी, मॉडेल न बोलावता, दिवा न लावता जाहिरात तयार होऊ शकते. कुर्त्याचा फोटोही आता इमारतीच्या चित्राइतकाच काल्पनिक असू शकतो, आणि त्याच्या तळाशी तेवढी बारीक टीपही नसते.

म्हणून पाहिलेले जपून ठेवायचे. ऑनलाइन पानावरचा फोटो विक्रेता पुढे बदलू शकतो, तेव्हा ऑर्डर देतानाच त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना तो हाताशी लागतो. घराच्या बाबतीत माहितीपत्रक, मेलवर आलेली चित्रे आणि नमुना फ्लॅटमध्ये स्वतः काढलेले फोटो तारखेसह करारनाम्याच्या फायलीत लावावेत. बिल्डरच्या माणसाकडून त्यातली बाग, तळ्याकडची बाजू, क्लबहाऊस यांपैकी मंजूर नकाशात काय आहे ते मेलवर लिहून घ्यावे. तो तोंडी सांगायला तयार असेल आणि लिहून द्यायला तयार नसेल, तर बुकिंगची रक्कम त्या दिवशी भरू नये.