बोटावर तोललेली रॅकेट

गटिंगवाल्या काकांनी रॅकेट हातात घेतली, पण हवेत फिरवून पाहिली नाही. शाफ्टखाली तर्जनी धरून त्यांनी ती आडवी ठेवली. डोकं खाली गेलं, बोट जरा सरकलं, मूठ खाली गेली, बोट पुन्हा सरकलं. दोन-तीनदा डुगडुगून रॅकेट तराजूच्या दांडीसारखी स्थिर झाली. त्या जागी खडूची खूण करून काकांनी मुठीच्या बुडापासून पट्टी लावली.

"दोनशे नव्वद मिलिमीटर."

समोरचे गृहस्थ जरा चक्रावले. वय चव्वेचाळीस, रोज सकाळी सहाला डबल्स. दोनशे नव्वदच्या आसपास तोलणारी रॅकेट मध्यम तोलाची, म्हणजे ना डोक्यात जड ना मुठीत, एवढं त्यांना माहीत होतं. तक्रार मात्र डोकं जड असलेल्या रॅकेटची होती. मागच्या रेषेवरून स्मॅश बसायचा, पॉइंट मिळायचा; पण समोरच्याने अंगावर मारला की रॅकेट वेळेवर आडवी यायची नाही आणि कॉक नेटमध्ये जायचा. त्यांना नवी रॅकेट हवी होती, मारायलाही चांगली आणि अडवायलाही.

काकांनी उत्तर न देता मुठीवरची ग्रिप उलगडायला घेतली. एक निघाली, तिच्याखाली दुसरी निघाली. मूठ बारीक झाली. रॅकेट पुन्हा बोटावर गेली, आणि या वेळी खुणेची रेघ मुठीपासून तब्बल दोन सेंटिमीटर पुढे सरकली.

"हा तिचा खरा आकडा. तीनशे दहा."

पुण्यात डेक्कनच्या बाजूला असलेल्या या दुकानात पावसाळ्यात संध्याकाळी अशी गिऱ्हाइकं बरीच येतात. मैदानं चिखलात गेलेली, हॉल भरलेले, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर लांबट पिशवी. बहुतेकांना रॅकेटची कंपनी आणि किंमत ठाऊक असते. वजनाचं गणित त्या मानाने कमी जणांना. रॅकेटच्या शंकूवर, म्हणजे मूठ आणि शाफ्ट जिथे जुळतात तिथे, बारीक अक्षरांत ते छापलेलं असतं. 'थ्री-यू' म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, 'फोर-यू' ८० ते ८४, 'फाइव्ह-यू' ७५ ते ७९. यू-पुढचा आकडा वाढला की वजन कमी होतं, त्यामुळे नवखा माणूस हमखास उलटं समजतो. शिवाय हे वजन बिनगटाच्या रॅकेटचं. गट, म्हणजे जाळीची तार, चारेक ग्रॅमचा असतो आणि तो सगळा डोक्यात बसतो. तेवढ्याने तोलाचा बिंदू सेंटिमीटरभर पुढे जातो. मुठीवर एक जादा ग्रिप गुंडाळली की तो साधारण तितकाच मागे येतो.

या गृहस्थांनी दोन ग्रिप चढवल्या होत्या त्या याच हिशेबाने. डोकं जड वाटतंय ना, मग मुठीत वजन घाला. पट्टीवरचा आकडा सुधारला, हातातली रॅकेट तशीच राहिली. कारण दारावरून कळतं. बिजागरीजवळ दाराला काहीही टांगा, ते उघडायला जड जात नाही. तेच ओझं कडीला अडकवा, मग कळतं. रॅकेट मनगटाभोवती फिरते, म्हणजे बिजागरी मुठीत आहे. तिथे घातलेल्या दहा ग्रॅमनी तोल मागे आला, पण डोक्यातलं वजन होतं तिथेच राहिलं आणि रॅकेट वळवायला तेवढीच ताकद लागत राहिली. वर मूठ जाड झाली. बचाव खांद्याने होत नाही. अंगठा आणि बोटं आवळून रॅकेटला जो छोटा झटका दिला जातो त्याने होतो. जाड मुठीवर बोटांना आवळायला जागाच उरत नाही.

पुण्याचं आणि या खेळाचं नातं जुनं. १८७० च्या दशकात इथल्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला 'पूना' याच नावानं ओळखत. पुढे इंग्लंडमधल्या बॅडमिंटन हाउसवरून त्याला आजचं नाव पडलं. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्या काळी रॅकेट लाकडी असायची, आजच्यापेक्षा बरीच जड. खेळ संपला की ती स्क्रूच्या लाकडी चौकटीत आवळून ठेवावी लागे, नाहीतर दमट हवेत फ्रेम वाकडी व्हायची. कार्बन आला आणि रॅकेट इतकी हलकी झाली की दोन-चार ग्रॅम कुठे ठेवायचे हाच निवडीचा प्रश्न होऊन बसला. लांबी ६८० मिलिमीटरच्या आत आणि रुंदी २३० च्या आत असली की रॅकेट नियमांत बसते. तोल आणि कडकपणा ज्याचा त्याने ठरवायचा.

मग स्मॅशची ताकद येते कुठून? हॉलमध्ये विचारलं तर दहातले आठ जण सांगतील, जड डोक्यातून. पण विक्रमाची नोंद वेगळं सांगते. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधल्या सोका इथे रॅकेट बनवणाऱ्या योनेक्सच्या कारखान्यात भारताच्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने स्मॅश मारला आणि रॅकेटवरून सुटलेल्या कॉकचा वेग ताशी ५६५ किलोमीटर भरला. त्याआधीचा ४९३ चा विक्रम मलेशियाच्या तान बून हिओंगने २०१३ मध्ये केला होता. रंकीरेड्डीच्या हातातली रॅकेट होती नॅनोफ्लेअर १००० झेड, आणि तिचं डोकं हलकं आहे.

यात चमत्कार काही नाही. कॉकचं वजन नियमाप्रमाणे ४.७४ ते ५.५० ग्रॅम. रॅकेट त्याच्या सोळा-सतरा पट. एवढी तफावत असताना डोक्यात आणखी तीन ग्रॅम घातले म्हणून कॉक फार जोरात सुटत नाही. रॅकेट जास्त वेगाने आली तर मात्र नक्की सुटतो. हलकं डोकं वेग घेतं, पण तो वेग देणारा हात लागतो. शिवाय त्या रॅकेटचा शाफ्ट अतिशय कडक. तो वाकवून परत उसळवायचा तर रंकीरेड्डीचाच खांदा हवा. ज्याचा झोका सावकाश आहे त्याला लवचीक शाफ्ट आणि थोडं जड डोकं मदत करतं, कारण एकदा गती घेतली की वजन आपोआप पुढे ओढतं. मागच्या रेषेवरून मागच्या रेषेपर्यंत टॉस टाकताना ते जाणवतं. अट एकच, झोका घ्यायला वेळ हवा.

बचावात तो वेळ नसतो. समोरून स्मॅश सुटला की जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात कॉक दिसायचा, रॅकेट फोरहँडकडून बॅकहँडकडे वळायची, आणि तीही पोटासमोर. म्हणून काकांचा पहिला प्रश्न, "स्मॅश कसा बसतो?" असा नसतो. ते विचारतात, "अंगावर आल्यावर काय होतं?"

डबल्समध्ये कामाची वाटणी असते, आणि कंपन्याही ती ओळखतात. योनेक्सने ॲस्ट्रॉक्स ८८ चे दोन प्रकार काढले: 'डी' मागून मारणाऱ्यासाठी आणि 'एस' नेटवर खेळणाऱ्यासाठी. रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांची जोडी पाहिली की ही वाटणी समजते. रंकीरेड्डी मागून मारतो, चिराग पुढे येऊन परतलेला कॉक संपवतो. २०२२ मध्ये बँकॉकला थॉमस चषक जिंकणाऱ्या भारतीय संघात ही जोडी होती. पण सकाळी सहाच्या हॉलमध्ये अशी वाटणी टिकत नाही. जोडीदार रोज बदलतो, आणि एकाच रॅलीत मागून मारणाराच चार फटक्यांनंतर जोडीदाराशेजारी उभा राहून मार खात असतो. अशा माणसाला एका टोकाची रॅकेट महागात पडते. मधल्या तोलाची आर्कसेबर ११ सारखी रॅकेट एकेरीवाल्यांच्या आणि दुहेरीवाल्यांच्याही पिशवीत का दिसते, त्याचं उत्तर इथे आहे.

काकांनी लगेच कपाट उघडलं नाही. आधी जुन्या रॅकेटचा गट कापला.

गट होता अठ्ठावीस पाउंडांवर. मोठे खेळाडू तेवढा ठेवतात असं गृहस्थांनी ऐकलं होतं. ताण जितका जास्त तितकी जाळी कडक, आणि कॉक नेमका बसणारी मधली जागा लहान. पूर्ण झोक्याने मधोमध मारणाऱ्याला ते चालतं, त्याला नेमकेपणा मिळतो. बचावात मात्र कॉक बऱ्याचदा मधोमध बसत नाही, आणि कडक जाळी त्याला उसळी देत नाही. "स्मॅशसाठी ताण वाढवलात आणि अर्धा बचाव तिथेच गेला," काका म्हणाले, आणि मशीनवरचा आकडा चोवीसवर आणला.

फ्रेम सहा ठिकाणी आवळली गेली. दहा मीटरच्या गटाचं एक टोक मधल्या भोकातून आलं, मग उभ्या तारा मधून एक डावीकडे, एक उजवीकडे अशा ओढल्या जाऊ लागल्या. एकाच बाजूने ओढत गेलं तर फ्रेम कलते. बावीस उभ्या तारा झाल्यावर आडव्या विणायला घेतल्या: एकीच्या वरून, एकीच्या खालून, आणि ताण उभ्यांपेक्षा पाउंड-दोन पाउंड जास्त, म्हणजे डोक्याचा आकार पसरत नाही. प्रत्येक तार ओढली की मशीन बारीक आवाज करून थांबायचं. गाठ मारून झाल्यावर काकांनी तळहाताने जाळी थोपटली आणि मुठीवर एकच पातळ ग्रिप चढवली.

"ही आठवडाभर खेळा. क्लबातल्या दोघांच्या रॅकेटही मागून घ्या, एक हलक्या डोक्याची, एक मधल्या तोलाची. आणि मारून बघू नका. मारून घ्या."

चाचणी त्यांनीच आखून दिली. जोडीदाराला मागून वीस स्मॅश अंगावर मारायला सांगायचे आणि किती परतले ते मोजायचं. मग बॅकहँडने दहा टॉस. आणि हे सगळं खेळाच्या सुरुवातीला करायचं नाही. तासभर खेळून हात दमल्यावर करायचं, कारण पहिल्या दहा मिनिटांत कुठलीही रॅकेट चांगलीच वाटते.

रविवारी गृहस्थ आले ते तीन ओळींचा हिशेब घेऊन. जुनी रॅकेट नव्या गटावर बरी चालली होती, पण दमल्यावर पुन्हा उशिरा येत होती. हलक्या डोक्याच्या फाइव्ह-यूने सगळ्यात जास्त स्मॅश परतवले, मात्र बॅकहँडचे टॉस अर्ध्यात पडत होते. मधल्या तोलाच्या फोर-यूने एक-दोन स्मॅश जास्त सोडले आणि टॉस मागच्या रेषेपर्यंत नेले. तिचा शाफ्ट मध्यम कडक होता. त्यांचा स्वतःचा स्मॅश? तो जुन्या रॅकेटइतका जड पडत नव्हता, हे त्यांनी जरा नाराजीनेच सांगितलं. जोडीदाराला फरक कळला नव्हता.

काकांनी कपाटातून तशाच तीन फोर-यू काढल्या. एकच मॉडेल, एकच वजन छापलेलं. तरीही तिन्ही एकामागून एक बोटावर ठेवल्या आणि तिन्हींवर खडूची खूण केली. दोन खुणा जवळजवळ एका जागी आल्या, तिसरी पाच मिलिमीटर पुढे होती. ती कपाटात परत गेली.

"किती पाउंड?"

"चोवीस."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि दमट हवेत नायलॉन सैल पडतं. त्यांनी मशीनवर पंचवीस लावले आणि गटाच्या रिळातून दहा मीटर मोजायला घेतले.