पाकीट सापडलं... आता?

मध लावलेल्या अक्षरापासून सोळाशे वर्षं जुन्या वादापर्यंत! ज्यू शाळेतला वर्ग इयत्तेगणिक कसा वर चढत जातो? आणि हाच जिना आपल्या मुंबईत होता, त्याचं काय झालं?

भायखळ्यात कधी फेरफटका मारलाय? गर्दी, हॉर्न, फळांच्या गाड्या आणि या सगळ्याच्या मधोमध उंच मनोऱ्याचं, निळ्या रंगाचं मागेन डेव्हिड सिनॅगॉग. १८६४ सालातलं. त्याच आवारात एक शाळा आहे, सर जेकब ससून हायस्कूल. नाव अस्सल ज्यू आणि शाळा सुटल्यावर गेटमधून धावत बाहेर पडणारी मुलं? बहुतेक सगळी आसपासच्या मुस्लिम वस्त्यांमधली. तिकडे माझगावच्या सर एली कदूरी शाळेची गोष्टही अशीच. पाटीवरचं नाव एका समाजाचं आणि हजेरीपटावरची नावं दुसऱ्या समाजाची.

मग मनात प्रश्न येतो. ज्यू शाळा म्हणजे नेमकं काय? तिथल्या वर्गात असं काय शिकवतात, की त्यासाठी वेगळी शाळाच काढावी लागते? आज याचं उत्तर शोधायला मुंबईपेक्षा न्यूयॉर्क, न्यू जर्सीकडे बघणं सोपं. अमेरिकेतल्या ज्यू शाळांची २०१३-१४ मध्ये मोजदाद झाली, तेव्हा ८६१ शाळा आणि सुमारे २ लाख ५५ हजार मुलं निघाली. या शाळांना तिथे ‘डे स्कूल’ म्हणतात. फंडा साधा आहे. एकाच दिवसात दोन अभ्यासक्रम! गणित, सायन्स, इंग्रजी एकीकडे आणि हिब्रू, धर्मग्रंथ, इतिहास दुसरीकडे. म्हणजे आपण शाळा सुटल्यावर क्लासला पळायचो, तसा यांचा ‘क्लास’ शाळेतच भरतो.

मध, पाव आणि बावीस अक्षरं

सुरुवात बालवाडीपासून. हिब्रूची अक्षरं बावीस आणि लिहायची उजवीकडून डावीकडे. आपल्या काना-मात्रांसारखे स्वर तिथे टिंबं आणि रेघांनी दाखवतात, तेही बहुतेक अक्षराच्या खाली. पहिल्या अक्षराची ओळख गोड व्हावी म्हणून अक्षरावर मध लावून मुलाला चाटायला द्यायचा, ही युरोपातल्या ज्यूंची मध्ययुगातली प्रथा. काही ठिकाणी ती आजही हौसेने पाळतात. शुक्रवारी वर्गातच छोटासा ‘शब्बात’ साजरा होतो. एक मुलगी आई होते, एक मुलगा बाबा. मेणबत्त्या, द्राक्षाचा रस आणि ‘हल्ला’ नावाचा वेणीसारखा गुंफलेला पाव (नावावर जाऊ नका, चव मस्त असते!).

पहिलीच्या आसपास मोठा इव्हेंट असतो. प्रत्येक मुलाला स्वतःचं प्रार्थनेचं पुस्तक, म्हणजे ‘सिद्दूर’ मिळतं. अनेक शाळांत त्याचं कव्हर आईबाबा घरी सजवून आणतात. गाणी होतात, कॅमेरे निघतात आणि आजी-आजोबांचे रुमालही. त्यानंतर, साधारण दुसरीत, ‘हुमाश’ हातात येतं. हुमाश म्हणजे तोराहचे पाच ग्रंथ पुस्तकरूपात. इथून खरा अभ्यास सुरू होतो. एक-एक ओळ वाचायची, शब्द फोडायचा, धातू शोधायचा, अर्थ लावायचा. आपल्याकडे संस्कृत जसं आठवीत भेटतं ना, तसं. फक्त इथे वय सात!

राशीला काय खटकलं?

तिसरी-चौथीत एक नवा माणूस वर्गात येतो. त्याचं नाव राशी. मेष, वृषभवाली रास नव्हे! हा अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावी होऊन गेलेला पंडित (१०४० ते ११०५). त्याने तोराहच्या जवळजवळ प्रत्येक ओळीवर नेमकी, छोटी टीप लिहिली. ही टीप वेगळ्या वळणाच्या अक्षरांत छापतात, त्यामुळे मुलांना ती लिपीही नव्याने गिरवावी लागते.

पण मजा पुढे आहे. शिक्षक ‘राशी काय म्हणतो?’ एवढ्यावर थांबत नाहीत. ते विचारतात, ‘राशीला काय खटकलं?’ म्हणजे टीप हे उत्तर झालं, प्रश्न तुम्ही शोधा. या ओळीत एखादा शब्द जास्तीचा आहे का? आधीच्या गोष्टीशी हे जुळत नाही का? नऊ वर्षांचं पोर नऊशे वर्षांपूर्वीच्या पंडिताचं मन वाचायचा प्रयत्न करतं. आपल्यापैकी किती जणांना शाळेत उत्तर देऊन प्रश्न शोधायला सांगितलं होतं? मला तरी ‘गाळलेल्या जागा भरा’च आठवतात.

पाकिटाचा किस्सा

पाचवीच्या सुमारास ‘मिश्ना’ सुरू होते. इ. स. २००च्या आसपास संकलित झालेला हा ज्यू कायद्यांचा संग्रह. मुलांसाठी शिक्षक बऱ्याचदा हरवलं-सापडलंचं प्रकरण निवडतात, कारण ते त्यांना लगेच भिडतं. रस्त्यावर विखुरलेली नाणी सापडली तर? ती तुमची. पाकिटात ठेवलेली नाणी सापडली तर? दवंडी पिटा, मालक शोधा. का बरं? कारण पाकिटाला खूण असते आणि ती सांगून मालक हक्क दाखवू शकतो. सुट्या नाण्यांना खूण नसते, त्यामुळे मालकाने आशाच सोडलेली असते. झाला की मुलांचा धिंगाणा! माझ्या पेन्सिलीवर दाताच्या खुणा आहेत, ती खूण धरायची का?

सहावी-सातवीत हीच नाणी पुन्हा भेटतात, पण आता ‘गमारा’च्या पानावर. मिश्ना आणि त्यावरची ही गमारा मिळून तालमूद. पानाची रचना बघण्यासारखी असते. मधे मूळ मजकूर, एका बाजूला राशी, दुसऱ्या बाजूला त्याच्यानंतरच्या पिढ्यांतले पंडित, त्यातले काही थेट राशीचे नातू आणि आजोबांशी बिनधास्त वाद घालणारे! दोन्ही बाजू छापलेली अशी २७११ पानं.

तिथे प्रश्न अवघड होतो. पैसे पडलेत, पण मालकाला अजून पत्ताच नाही. कळलं असतं तर त्याने नक्की आशा सोडली असती. मग उचलणाऱ्याने ते ठेवावेत का? चौथ्या शतकातल्या बॅबिलोनमधला रावा म्हणतो, ठेवा. त्याचा समकालीन अबाये म्हणतो, अजिबात नाही, ज्याला हरवल्याचंच माहीत नाही त्याने आशा सोडली असं धरता येणार नाही. सहसा निकाल रावाच्या बाजूने लागतो, पण इथे अबाये जिंकतो. आणि हरलेल्या रावाचं म्हणणं? तेही तितक्याच काळजीने शिकवतात.

हे सगळं एकट्याने घोकायचं नसतं. दोघादोघांची जोडी करतात, तिला ‘हव्रुता’ म्हणतात. एकाने मुद्दा मांडायचा, दुसऱ्याने तो खोडायचा. त्यामुळे अभ्यासाची खोली म्हणजे मासळी बाजार! तिथे शांतता असेल तर शिक्षकच बेचैन होतात.

याच सुमारास मुली बाराव्या आणि मुलं तेराव्या वर्षी धर्माच्या दृष्टीने ‘मोठी’ होतात. बार मित्झ्वाला मुलगा सिनॅगॉगमध्ये तोराहच्या गुंडाळीतून चालीवर वाचतो. गुंडाळीत स्वरचिन्हंच नसतात, त्यामुळे बालवाडीत शिकलेली टिंबं आता डोक्यात हवीत. उदारमतवादी पंथांत मुलीही असंच वाचतात. नंतर हायस्कूलमध्ये गमारा आणि कॅल्क्युलस शेजारी-शेजारी, आणि दिवस संध्याकाळपर्यंत लांबलेला.

चकचकीत बाजू संपली

सगळं गोडगोड नाही. पहिला प्रश्न पैशाचा. न्यूयॉर्क परिसरात अशा हायस्कूलची वर्षाची फी ३० हजार डॉलर्सच्या वर जाते. त्यात मुलं तीन! सवलती, शिष्यवृत्त्या असतात, तरी चांगल्या पगाराची जोडपीही मेटाकुटीला येतात. आपल्याकडच्या इंटरनॅशनल स्कूलच्या फीवर ऑफिसच्या कँटीनमध्ये चालणारी चर्चा आठवा, तीच!

दुसरा प्रश्न समतोलाचा. न्यूयॉर्कमधल्या काही कट्टर हसिदी शाळांत मुलांना इंग्रजी, गणित फारच कमी शिकवतात, अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. २०२२ मध्ये राज्याने खासगी शाळांच्या शिक्षणाच्या दर्जासाठी नियम आणले आणि मोठं वादळ उठलं. तिसरा प्रश्न मुलींचा. अनेक आधुनिक शाळांत मुली तालमूद शिकतात, कट्टर शाळांत त्यांना ते पान उघडूच देत नाहीत. म्हणजे प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या शाळेत प्रश्न कोणी विचारायचा, हा प्रश्न आहेच.

किहीम ते माझगाव

आता परत मुंबई. कोकणातले बेने इस्रायल म्हणजे आपले ‘शनवार तेली’. तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. आडनावं गावावरून, भाषा मराठी. शब्बात पाळायचे, पण हिब्रू जवळजवळ विसरलेले. १८३२ साली मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. पुढे हे काम समाजाने स्वतःच्या हातात घेतलं. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत ‘इस्रायलाइट स्कूल’ सुरू केलं. इतर विषयांबरोबर तिथे हिब्रूही शिकवत. तीच आजची कदूरी शाळा. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हेडमास्तरकी सांभाळत हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. जिना तयार होत होता.

मग १९४८ मध्ये इस्रायल झालं आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. इमारती राहिल्या, शिक्षक राहिले, बाकांवर शेजारची मुलं आली आणि तीही शिकून पुढे गेली. शाळा म्हणून हे छानच झालं. पण सिद्दूर, राशी, मिश्ना या पायऱ्या चढायला दर वर्षी नवी पोरं लागतात. ती नसली की जिना उरत नाही, पाटी उरते.

गंमत पुढेच आहे. किहीमकर, राजपूरकरांच्या समाजाच्या पणतवंडांना इस्रायलमध्ये हिब्रू वेगळी शिकावीच लागत नाही, ती रस्त्यावर, बसमध्ये, टीव्हीवर आहेच. ज्या भाषेसाठी एवढी धडपड केली ती त्यांना आयती मिळाली. निसटतेय ती मराठी. आजी-आजोबा बोलतात, नातवंडांना जेमतेम कळते. आता तिच्यासाठी कोणी शाळा काढायची?

अबायेच्या भाषेत विचारायचं तर, आपलं काही हरवलंय हे मालकाला कळलंय तरी का? फक्त इस्रायलमधल्या मराठी घरांनीच कशाला, पोरांना इंग्रजी शाळेत घालून निर्धास्त झालेल्या आपणही हे एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही!