विश्लेषण : पिकात घुसलेल्या रानडुकराला गोळी घालता येते का? शेतकऱ्याला दोन वेगळ्या परवानग्या कशासाठी लागतात?

मक्याला कणीस धरले, भुईमुगाच्या शेंगा भरल्या की रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक आडवे करतो. जेवढे खातो त्याहून जास्त तुडवतो आणि उकरतो. नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ पश्चिम पट्ट्यात राखण हा शेतीकामाचाच भाग आहे. ‘सरकारने डुकरे मारायला परवानगी दिली आहे,’ असे अशा वेळी गावात हमखास ऐकायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे ठाऊक नसताना बंदूक उचलली, तर नुकसान डुकराने करायचे आणि आरोपी शेतकऱ्याने व्हायचे, अशी वेळ येऊ शकते.

रानडुक्कर उपद्रवी असूनही संरक्षित कसे?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजे आपल्याकडची रोही, हे दोन्ही प्राणी पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि हे प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आले. जमीन खासगी असली तरी तिथे आलेला वन्यप्राणी जमीनमालकाच्या अखत्यारीत येत नाही. विनापरवाना शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

या बंदीला कायद्यानेच दोन वाटा ठेवल्या आहेत. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी ‘उपद्रवी’ घोषित करू शकते. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत तसे झाले. त्यानंतर २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक रोही मारण्यात आल्या आणि त्यावरून तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी व पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर वाद झाला. दुसरी वाट कलम ११(१)(ख) ची. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाल्याची खात्री पटल्यास, कारणे नमूद करून लेखी आदेशाने शिकारीची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रातील परवानगी या दुसऱ्या वाटेची आहे. तिच्यामुळे रानडुकराचे संरक्षण संपत नाही. त्या शेतापुरता, त्या अर्जापुरता अपवाद होतो.

राज्याचा २०१५ चा निर्णय काय सांगतो?

पिकांचे नुकसान करणारी रानडुकरे आणि रोही यांच्या पारधीसंबंधीचा शासन निर्णय जुलै २०१५ मध्ये निघाला. परवानगीसाठी मंत्रालयापर्यंत जावे लागू नये म्हणून अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे आले. शेतकऱ्याने अर्ज करायचा, पोच घ्यायची. २४ तासांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाल्याचे गृहीत धरायचे, अशी तरतूद त्यात आहे.

गावागावांत पोहोचला तो नेमका हा ‘२४ तासांचा’ भाग. पण मूळ कायदा लेखी, सकारण आदेशाची भाषा करतो. शिवाय चौकशीची वेळ आली की गट क्रमांक, पीक, प्राणी, तारीख आणि गोळी कोण चालवणार त्याचे नाव, हे सारे कागदावर लागते. त्यामुळे पोचपावतीवर विसंबून रात्री शेतात उतरण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा कार्यालयात जाऊन आदेश हातात घेणे शहाणपणाचे. अर्जासोबत सातबारा उतारा, नुकसानीचे फोटो आणि आधी पंचनामा झाला असल्यास त्याची प्रत जोडली तर अधिकाऱ्यालाही कारणे लिहिणे सोपे जाते. नाशिक जिल्ह्यात वन विभागाचे पूर्व आणि पश्चिम असे वेगळे विभाग आहेत. आपले गाव कोणत्या वनपरिक्षेत्रात येते हे बीटच्या वनरक्षकाकडून आधीच विचारून ठेवावे. पीक ऐन भरात असताना दोन दिवस चुकीच्या कार्यालयात घालवणे परवडत नाही.

मग बंदुकीचा परवाना वेगळा का लागतो?

वन खात्याची परवानगी प्राण्यापुरती असते. शस्त्राचा विषय शस्त्र अधिनियम, १९५९ चा, म्हणजे गृह खात्याचा. ग्रामीण भागात हा परवाना जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी देतात, नाशिक शहर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त.

या कायद्याचे कलम १३(३) शेतकऱ्याच्या कामाचे आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात थेट केलेली आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले, तर किमान २० इंच नळीच्या, आतून गुळगुळीत नळी असलेल्या दुसऱ्या बंदुकीचा, म्हणजे व्यवहारात १२ बोअरच्या एकनळी किंवा दुनळीचा, परवाना मिळू शकतो. रायफलचा इथे संबंध नाही. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत, शेती संरक्षणाचे असे परवाने पिढ्यान्पिढ्या आहेत. निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि त्याच काळात बागा उघड्या पडतात, ही तिथल्या बागायतदारांची जुनी तक्रार.

शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्जदाराची पोलीस पडताळणी होते, वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आणि घरात सुरक्षित साठवणुकीची हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. हे सगळे एका हंगामात उरकेल असे धरून चालू नये. खरिपात त्रास झाला म्हणून धावपळ करणाऱ्याला परवाना मिळेपर्यंत ते पीक निघून गेलेले असते.

घरात बंदूक नसेल तर?

कलम ११ खालचा आदेश ‘कोणत्याही व्यक्तीला’ देता येतो. म्हणजे परवानाधारक शेजारी किंवा नातेवाईक यांचे नाव अर्जात देऊन त्यांच्यासाठी परवानगी मागता येते. मात्र बंदूक ज्याच्या नावावर, गोळी त्यानेच चालवायची. ‘आजच्या रात्रीपुरती दे’ म्हणून घेतलेली बंदूक ही घेणारा आणि देणारा, दोघांनाही अडचणीत आणते. परवान्यावरील उद्देश, क्षेत्र आणि काडतुसांची मर्यादाही तपासावी.

एअरगनबद्दलचा गैरसमज त्याहून मोठा. कमी क्षमतेच्या, ०.१७७ बोअरच्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही, हे खरे. पण तिने द्राक्षबागेतला पोपट किंवा बांधावरचा ससा मारला तर ती शिकारच ठरते, कारण हे दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. ब्रिटनमध्ये शेतमालकाच्या संमतीने आणि शासनाच्या सर्वसाधारण परवान्याखाली रानकबुतरे मारण्याची पद्धत आहे. तिथले व्हिडीओ मोबाइलवर पाहून इथे एअरगन रोखणाऱ्यांना हा फरक कोणी सांगत नाही.

नाशिकमध्ये कोणत्या प्राण्यावर गोळी चालवताच येत नाही?

येवला तालुक्यातील ममदापूर-राजापूर परिसर काळविटांसाठी ओळखला जातो. ममदापूरला संवर्धन राखीव क्षेत्र आहे. काळवीट हरभरा-मक्यात शिरते, नुकसान करते, पण ते पहिल्या अनुसूचीत आहे. मोरही तसाच. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसात राहणारा बिबट्याही तसाच. या प्राण्यांना पीकनुकसानीचे कारण लागूच होत नाही. माणसाच्या जिवाला धोका झाला तरी निर्णय फक्त मुख्य वन्यजीव रक्षकाचा, आणि त्यांनाही आधी पकडणे, बेशुद्ध करणे, हलवणे शक्य नाही याची खात्री करावी लागते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे.

नांदूरमध्यमेश्वरसारख्या अभयारण्याच्या हद्दीतही ही पारध चालत नाही. हा भाग २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ झाला. ज्यांची शेते अभयारण्याला लागून आहेत त्यांनी हद्द कुठे संपते हे वन खात्याकडून मोजून घेतल्याशिवाय अर्जच करू नये.

जिवावर बेतले आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना प्राणी मेला, तर कलम ११(२) नुसार तो गुन्हा नाही. पण हे संरक्षण माणसाच्या जिवापुरते आहे, पिकासाठी नाही. आणि बेकायदा शिकार करत असतानाच तशी वेळ आली, तर तेही मिळत नाही.

गोळी झाडताना धोका कुठे असतो?

दोन्ही कागद हातात आले तरी सर्वात अवघड भाग उरतोच. रानडुक्कर बहुधा रात्री येते. त्याची नजर बेताची, नाक मात्र अतिशय तीक्ष्ण. वारा माणसाकडून पिकाकडे वाहत असेल तर कळप बांधावरूनच परततो. १२ बोअरच्या बंदुकीचे मोठे छर्रे साधारण ३०-४० मीटरपर्यंतच भरवशाचे. त्यापुढे ते पसरतात आणि जनावर मरण्याऐवजी जखमी होते. जखमी नर डुक्कर सुळ्यांनी मांडी फाडू शकतो. ठासणीच्या बंदुकीत तर एक बार झाला की पुन्हा दारू भरून ठासेपर्यंत हाती काहीच नसते. एकसंध गोळीचे काडतूस वापरले तर ती चुकल्यावर शेकडो मीटर जाऊ शकते.

नाशिकच्या बागायती पट्ट्यात हाच खरा प्रश्न आहे. इथे माणसे केवळ गावठाणात राहत नाहीत. मळ्यामळ्यांत वस्त्या आहेत, रात्रपाळीच्या विजेमुळे पंप सुरू करायला शेतकरी अंधारात बांधावरून चालत असतात. ऊसतोडीच्या दिवसांत फडाच्या कडेला मजुरांच्या कोप्या पडतात, त्यांत लहान मुले झोपलेली असतात. उसात सळसळ झाली म्हणून आवाजाच्या दिशेने बार काढला, तर आत डुक्कर असेल, बिबट्या असेल किंवा पाणी वळवायला गेलेला माणूस. म्हणून पूर्ण जनावर उजेडात स्पष्ट दिसल्याखेरीज चापाला बोट लावायचे नाही, हा नियम दुसऱ्या कुठल्याही नियमाच्या आधी येतो. उंच माळ्यावर बसून खालच्या दिशेने नेम धरला तर चुकलेली गोळी मातीत जाते. सपाटीवर उभे राहून मारलेली कुठे जाईल सांगता येत नाही. आसपासच्या वस्त्यांना, पोलीस पाटलाला आणि वनरक्षकाला त्या रात्रीची कल्पना आधी द्यावी. दारू पिऊन बसलेल्या टोळक्याबरोबर जाऊ नये, हे लिहायची वेळ येऊ नये, पण येते.

मेलेल्या डुकराचे काय करायचे?

काहीही नाही. हात न लावता वन कर्मचाऱ्यांना कळवायचे. कलम ३९ नुसार कलम ११ खाली मारलेला वन्यप्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता आहे. परवानगीने मारलेल्या डुकराचे मांस वाटून घेणे, सुळे घरी ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा होतो. पंचनामा आणि विल्हेवाट वन खात्याच्या देखरेखीखाली होते. जखमी होऊन पळालेल्या जनावराचीही माहिती लगेच द्यावी. ते शेजारच्या उसात बसले असेल तर सकाळी तिथे जाणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

तारेत करंट सोडणे सोपे, म्हणून?

परवान्यांची ही वाट लांबची आहे आणि त्यामुळेच अनेक जण तारेत करंट सोडण्याचा, फासे लावण्याचा किंवा गावठी बॉम्ब पेरण्याचा मार्ग पत्करतात. यातली एकही गोष्ट कोणत्याही परवानगीत बसत नाही. डुकरासाठी सोडलेल्या करंटने विदर्भात वाघ मेले आहेत, आणि राज्यात ठिकठिकाणी माणसेही. अनेकदा तार ज्याने लावली त्याच्याच घरातली. वीजचोरी, वन्यजीव गुन्हा आणि माणूस गेला तर मनुष्यवध, असे तीन खटले एकाच तारेतून उभे राहतात. सौर कुंपणाचा झटका क्षणिक, कमी ऊर्जेचा असतो. तो जनावराला परतवतो, मारत नाही. मुख्य वीजवाहिनी थेट तारेला जोडणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, भले दोन्ही दिसायला सारखी असोत.

बंदुकीने प्रश्न सुटतो का?

एकट्या शेतकऱ्याच्या एका गोळीने फारसा नाही. रानडुकराची मादी साधारण चार महिन्यांपेक्षा थोड्या कमी काळात विते आणि एका वेतात चार-सहा पिले सहज होतात. एक डुक्कर मेले की कळप काही रात्री शेजाऱ्याच्या शेतात जातो, मग परततो. केरळने २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांनाच परवानगीचे अधिकार दिले. निर्णय गावपातळीवर आला तर संपूर्ण शिवाराचा एकत्र विचार होतो, हा त्यातला घेण्यासारखा भाग. आपल्याकडे अर्ज अजून एकेका गटाचा असतो आणि कळप गट क्रमांक पाहून चालत नाही. ग्रामसभेत ठराव करून शिवारातील सर्वांनी एकाच वेळी अर्ज करायला मात्र कोणाची हरकत नाही.

तोवर नुकसान झालेल्या शेताचा हिशेब वेगळा ठेवावा. वन खात्याकडील भरपाईसाठी घटना घडल्यापासून तीन दिवसांत अर्ज करावा लागतो, त्यानंतर पंचनामा होतो. तो होईपर्यंत शेत नांगरू नये आणि उकरलेल्या सऱ्या, ठसे यांचे फोटो दिवसाउजेडी काढून ठेवावेत. पंतप्रधान पीक विमा योजनेतही वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान स्थानिक जोखीम म्हणून घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला आहे. खरीप २०२६ पासूनच्या या संरक्षणासाठी ७२ तासांत पीक विमा अ‍ॅपवर ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोंसह तक्रार करायची आहे. कोणते प्राणी आणि कोणते भाग त्यात येतील हे राज्याच्या अधिसूचनेवर ठरणार असल्याने, हप्ता भरण्याआधी आपला तालुका यादीत आहे का, हे कृषी सहायकाकडे विचारून घ्यावे.