लेकीचा गेमिंग कॉम्प्युटर

2025 च्या मे महिन्यात दहावीचा निकाल लागला आणि लेकीने वर्षभर मनात धरून ठेवलेली मागणी पुढे केली, "आई, मला गेमिंग पीसी हवाय." मुलाने मागितला असता तर घरात एवढा गहजब झाला नसता. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या जातीला कशाला गं ते?" नणंदेने स्कूटी सुचवली. आणि ह्यांचं म्हणणं, तेवढ्यात लॅपटॉप येतो, अभ्यासाला तरी होईल.

खरं सांगते मैत्रिणींनो, मलाही पटलं नव्हतं. बचत गटाच्या बैठकांत मी बायकांना सांगत फिरते, मुलीला मुलाइतकंच द्या म्हणून. आणि माझ्याच घरात मी गप्प! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. भिशीचे 40 हजार नुकतेच हाती आले होते, कानातल्यांसाठी ठेवलेले. सकाळी तिला म्हटलं, "एवढेच आहेत, यात बसव. पण कुठली वस्तू का घ्यायची, ते मला समजलं पाहिजे."

पोरगी वहीच घेऊन बसली. सगळ्यात महाग असतं ते ग्राफिक्स कार्ड. गेममधली चित्रं पळवायचं काम त्याचं. ते घेतलं तर बाकीच्याला पैसे उरेनात. म्हणून तिने रायझन 5 5600जी हा प्रोसेसर निवडला. याच्या पोटातच बेताचं ग्राफिक्स असतं आणि थंड ठेवणारा पंखाही खोक्यातच मिळतो. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट यावर छान चालतात. नवे मोठे गेम मात्र चित्राचा दर्जा कमी करून खेळावे लागतात. "कार्ड नंतर घेऊ, जागा आत्ता ठेवू," ती म्हणाली. हे मला आवडलं. आपण नाही का, वरचा मजला पुढे बांधायचा म्हणून पाया आधीच भक्कम घालतो!

दुकानात पहिला प्रश्न आला, "मुलगा कुठंय? त्याला आणा, मग सांगतो." लेक शांतपणे म्हणाली, "काका, मलाच सांगा." काकांनी 16 जीबीची एकच रॅम पुढे केली. तिने 8-8 च्या दोन मागितल्या. या प्रोसेसरला स्वतःची वेगळी मेमरी नसते, तो रॅममधूनच उसनी घेतो. दोन स्टिक असल्या की दोन वाटा मोकळ्या होतात आणि गेम अडखळत नाही. काकांनी मान हलवली आणि त्यानंतर मुलाचं नाव काढलं नाही.

वाद झाला तो एसएमपीएसवरून, म्हणजे घरची वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा. साध्या कॅबिनेटबरोबर तो जवळजवळ फुकटात येत होता. लेकीलाही वाटलं, पैसे वाचवून मोठा मॉनिटर घेऊ. इथे मी अडून बसले. आमच्या शेजारच्या मुलाचा असलाच स्वस्तातला डबा ऐन उन्हाळ्यात जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. आपल्याकडचं ऊन आणि विजेची ये-जा काय सांगावी! 550 वॅटचा, 80 प्लस ब्राँझ शिक्का असलेला डबा घेतला. पुढे कार्ड बसवलं तरी पुरेल.

हिशेब असा झाला: प्रोसेसर 11,500, मदरबोर्ड 6,500, रॅम 3,200, 500 जीबीची एसएसडी 3,000, एसएमपीएस 3,800, पुढून जाळी असलेलं हवेशीर कॅबिनेट 2,400, मॉनिटर 7,600, कीबोर्ड-माऊस 1,000. एकूण 39,000. "बिलाशिवाय घ्या, कमी करतो," असंही सांगून झालं. 18 टक्के जीएसटी डोळ्यांत खुपतोच, पण पक्कं बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी कोण ओळख देणार? उरलेल्या हजारात घरच्या सॉकेटचं अर्थिंग नीट करून घेतलं.

जोडणी तिने हॉलमध्ये सतरंजीवर बसून स्वतः केली. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा मात्र काळा. माझ्या पोटात गोळाच आला. 39 हजार! सासूबाई देवघरातून डोकावल्या. तिने वीज बंद केली, रॅमच्या दोन्ही स्टिक काढून पुन्हा बसवल्या आणि 'टक्' आवाज येईपर्यंत दाबल्या. एक अर्धवटच बसली होती. पडदा उजळला तेव्हा ती नाही, मीच रडले.

2025 संपता संपता एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. वेळेवर घेतली म्हणून ह्यांनाच आता कौतुक! यूपीएस तर त्यांनी न सांगता आणून ठेवला. अकरावीचा अभ्यास आधी, खेळ रात्री नऊनंतर एक तास, हा करार आहे. तो कधी पाळला जातो, कधी नाही. ग्राफिक्स कार्डासाठी तिने डबा केलाय. परवा पाहिलं तर त्यात पाचशेची एक नोट सासूबाईंच्या रुमालात गुंडाळलेली होती.