चाकांवरील घराची शाकारणी

वैशाख सरत आला आणि वळवाच्या एकदोन सरी येऊन गेल्या म्हणजे कोल्हापुरातील कौलारू घरांतून पूर्वी शाकारणीची लगबग सुरू होत असे. फुटकी कौले बदलावयाची, सरकलेली नीट बसवावयाची, आढ्यापाशी व पन्हळीपाशी विशेष लक्ष द्यावयाचे, आणि मृग निघण्यापूर्वी सर्व काही आटोपावयाचे, हा क्रम घरातील लहान मुलांसही ठाऊक असे. आता बहुतेक ठिकाणी कौलांच्या जागी सिमेंटच्या गच्च्या आल्या आणि शाकारणी हा शब्द नव्या पिढीच्या कानांवर क्वचितच पडतो. तथापि या शब्दाचे मर्म ज्यांनी मुळीच विसरू नये असा गृहस्थांचा एक नवा वर्ग अलीकडे निर्माण झाला आहे. ज्यांचे घर चाकांवर चालते त्यांचा हा वर्ग होय.

निजावयाची सोय, लहानसा ओटा आणि न्हाणी ज्या मोटारीत असते तिला कोणी मोटारहोम म्हणतात, कोणी कॅरॅव्हॅन म्हणतात; आम्ही तिला मोटारघर म्हणू. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि त्याच वर्षी केरळनेही तशीच योजना आखली. तेव्हापासून या वाहनांविषयीचे कुतूहल आपल्याकडे वाढले आहे. वृद्ध मातापित्यांस फार वेळ ताठ बसवत नाही, बाहेरचे अन्न सोसत नाही, अशा कुटुंबास ही सोय किती मोलाची आहे हे निराळे सांगावयास नको. परंतु घर म्हटले की छप्पर आले, आणि छप्पर म्हटले की त्याची निगा आली.

पुष्कळ मोटारघरांचे छप्पर फायबरग्लासचे असते. काचेचे अत्यंत बारीक तंतू राळेसारख्या कृत्रिम द्रव्यात बसवून हा पदार्थ सिद्ध करितात. तो हलका असतो, गंजत नाही, आणि हवा तसा आकार घेतो. त्याच्या पृष्ठभागी जेलकोट नावाचा गुळगुळीत थर असतो; तोच त्याची त्वचा होय. उन्हातील अतिनील किरणांनी ही त्वचा हळूहळू जीर्ण होते. छपरावरून तळवा फिरवून पाहावा. आम्हां मास्तरमंडळींच्या जन्मभर परिचयाची जी खडूची पूड, तशीच पांढरी भुकटी हातास लागली, तर नव्या रंगाची वेळ आली असे समजावे.

येथवर कोणाचाच मतभेद होत नाही. चूक होते ती पुढे. छप्पर मळकट दिसले, गळूही लागले, तेव्हा त्यावर जाडसर रंग फासला म्हणजे दोन्ही रोग एकदमच बरे होतील, अशी कल्पना करून घेतली जाते. वस्तुतः हे दोन रोग भिन्न आहेत. फायबरग्लासच्या अखंड पृष्ठातून पाणी सहसा झिरपत नाही. ते शिरते सांध्यांतून: हवेच्या झरोक्याची चौकट, वातानुकूलन यंत्राची बैठक, सौर तावदानांचे स्क्रू, आणि छप्पर जेथे भिंतीस मिळते ती कडेची पट्टी. उन्हाने धातू एका प्रमाणात प्रसरण पावतो, फायबर दुसऱ्या प्रमाणात. त्यात रस्त्याचे हादरे रोजचेच. त्यामुळे सांध्यातील लुकण कालांतराने ताठरते, चिरते आणि सुटते. आम्ही वर्षानुवर्षे मुलांस संधी शिकविला. दोन वर्ण जेथे एकत्र येतात तेथेच विकार संभवतो, हा व्याकरणाचा नियम छपरासही तंतोतंत लागू पडतो.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने आजीबाईंसाठी असे एक जुने वाहन विकत घेतले. पेन्शनीतून शिल्लक पडलेला पैसा त्यात घातला होता. छतावर एक पिवळा डाग होता. ज्याच्याकडे काम दिले त्याने जुने लुकण जागच्या जागी ठेवून वरून रंगाचे तीन हात दिले. छप्पर शुभ्र दिसू लागले व सर्वांचे समाधान झाले. आषाढात मंडळी गगनबावड्याकडे निघाली. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून अवघ्या ५५ किलोमीटरांवरील गगनबावड्यास तो त्याच्या कित्येक पट कोसळतो. रात्री आजीबाईंचे अंथरूण भिजले आणि त्या महिनाभर खोकल्याने आजारी राहिल्या. पुढे आतील अस्तर उघडले तेव्हा प्लायवूड बोटाने दाबता दबेल इतके कुजलेले आढळले. कुजण्याची क्रिया बहुधा पूर्वीच सुरू झाली असावी. रंगाने ती केवळ दृष्टीआड केली.

याकरिता प्रथम परीक्षा करावी. बोटाच्या पेराने छपरावर जागोजाग ठोकावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर तेथील थर सुटले आहेत असे मानावे. नंतर एकाने आत बसावे व दुसऱ्याने नळीने सावकाश पाणी सोडावे, तेही खालच्या सांध्यापासून आरंभ करून, एका वेळी एकाच सांध्यावर. पाणी शिरते एकीकडे आणि ठिबकते दुसरीकडे, म्हणून डागाच्या थेट वर छिद्र शोधणे बहुधा व्यर्थ ठरते. गळती सापडली की छप्पर व आतील लाकूड पूर्ण वाळू द्यावे. कुजलेले लाकूड काढून बदलावे.

कामास माघ-फाल्गुनाचे दिवस उत्तम. भर वैशाखात छप्पर इतके तापते की रंग नीट पसरण्यापूर्वीच सुकतो, आणि वळीव केव्हा येईल याचा नेम नसतो. सकाळी दव वाळल्यावर काम सुरू करावे व ऊन चढण्यापूर्वी आवरावे. शिडीपाशी दुसरे माणूस असावे. भुकटी धरलेले छप्पर ओले झाले की अतिशय निसरडे होते, आणि वर भक्कम आधार असतोच असे नाही. म्हणून फळी टाकूनच त्यावर वावरावे.

छप्पर साबणाने धुऊन वाळवावे. मेण किंवा तेलकटपणा असल्यास तो थिनरने आधी पुसून घ्यावा, मगच घासावयास लागावे. हा क्रम उलटला तर मेण ओरखड्यांत दडून बसते व रंग सुटतो. त्यानंतर जुने सुटलेले लुकण प्लास्टिकच्या पट्टीने खरडून काढावे. सिलिकॉन लावलेले असेल तर त्याचा अंशही मागे राहू देऊ नये, कारण त्यावर रंग धरत नाही आणि नवे लुकणही नीट चिकटत नाही. भेगा किंचित रुंद करून त्यांत इपॉक्सी भरावे. मग १२० ते २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपराने सर्व पृष्ठ घासून त्याची चकाकी घालवावी. काचतंतूंची धूळ फुप्फुसांस व त्वचेस अपायकारक आहे. म्हणून नाकातोंडावर योग्य मुखवटा, डोळ्यांवर चष्मा आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा, व शक्य तेथे पाणी लावून घासावे.

चौकटी व बैठका उचलून त्यांखाली ब्यूटिलची चिकट पट्टी घालावी, स्क्रू त्यातच आवळावे, आणि कडेने वाहनांच्या छपरासाठी बनविलेले लवचिक सीलंट भरावे. रंग आधी की सीलंट आधी, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर रंगाच्या जातीवर अवलंबून आहे. रबरासारखा ताणला जाणारा छपराचा लेप द्यावयाचा असेल, तर सीलंट आधी भरून ते पूर्ण सुकू द्यावे व त्यावरून लेप द्यावा. मात्र दोहोंचे एकमेकांशी जमते ना, हे डब्यावरील सूचना वाचून पाहावे. दोन डबे मिसळून करावयाचा कठीण पॉलियुरेथेन रंग असेल, तर चौकटी काढून रंग आधी द्यावा आणि सीलंट मागून. मऊ लुकणावर कठीण रंग चिरतो. या दुसऱ्या प्रकारात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात व त्यांनी दम्यासारखा विकार जडू शकतो. असा रंग घरच्या अंगणात फवाऱ्याने देऊ नये. ते काम साधनसंपन्न कारागिराकडेच सोपवावे.

अस्तराचा एक हात व रंगाचे दोन पातळ हात हे एका जाड हातापेक्षा श्रेयस्कर होत. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने द्यावा, म्हणजे सुटलेली जागा भरून निघते. रंग पांढराच निवडावा. तो ऊन परावर्तित करितो व आत गारवा राहतो.

२०१५ साली श्रीअंबाबाईच्या मूर्तीचे संवर्धन झाले तेव्हा वज्रलेप हा शब्द कोल्हापुरात घरोघरी ऐकू येत होता. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत या लेपाची कृती दिली आहे. कवठाची कोवळी फळे, शेवरीची फुले इत्यादींचा काढा आठव्या हिश्श्यापर्यंत आटवावयाचा, त्यात गुग्गुळ, राळ, जवस, बेल वगैरे द्रव्ये मिसळावयाची, आणि तो लेप तापलेला असतानाच प्रासाद, मूर्ती, भिंती व विहिरी यांस लावावयाचा, असे तो सांगतो. द्रव्ये बदलली, तरी आटविण्यास लागणारा धीर आजही तोच लागतो. दोन दिवस धुण्याघासण्यात आणि सांधे साफ करण्यात जावेत, व रंगास एक सकाळ पुरावी, हे या कामाचे योग्य प्रमाण होय.

त्यानंतरही वर्षातून दोनदा, एकदा मृगापूर्वी व एकदा दसऱ्यानंतर, शिडी लावून प्रत्येक सांधा डोळ्यांखालून घालावा. चीर दिसताच ती भरून काढण्यास घटकाभर पुरते. तीच डोळेझाक केली, तर पुढे सबंध छत उतरवावे लागते. आतील बिछान्यावर निजणाऱ्या वृद्ध माणसास वर चढून पाहता येत नाही. ज्यास चढता येते त्याने ते पाहिले पाहिजे.