चार आण्यांचा खेळ, बारा आण्यांचा मसाला

प्रतिनिधी, धाराशिव

संगणकावर पाच षटकांचा क्रिकेट सामना खेळायला अर्धा तास पुरतो. मात्र त्यापूर्वी खेळाडूंची नावे दुरुस्त करणे, जर्सीचा रंग बदलणे, नवे मैदान बसवणे आणि हे सगळे केल्यावर खेळ सुरूच का होत नाही याचा शोध घेणे, यात अख्खा रविवार निघून जातो. ‘चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण संगणकावरील खेळांच्या शौकिनांना तंतोतंत लागू पडते. घरच्यांना प्रश्न पडतो, की मुलगा नेमका खेळतो आहे की खेळ दुरुस्त करतो आहे? हा वेळ वाया जातो का, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

मूळ खेळात हौशी मंडळींनी केलेल्या बदलाला ‘मॉड’ म्हणतात. क्रिकेटप्रेमींमध्ये ‘पॅच’ हा शब्द अधिक रुळला. आपल्याकडे या छंदाचे सर्वात ओळखीचे उदाहरण म्हणजे ‘ईए स्पोर्ट्स’ कंपनीचा ‘क्रिकेट ०७’. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या या खेळात इंग्लंड व ऑस्ट्रेलियाच्या संघांचे परवाने होते. भारतीय संघाचा परवाना नसल्याने आपल्या खेळाडूंची नावे मोडतोड करून दिलेली होती. पुढे २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली. पण कंपनीने या मालिकेतील पुढचा खेळ काढलाच नाही. ही पोकळी हौशी मंडळींनी भरून काढली. खरी नावे, आयपीएलचे संघ, नवे गणवेश, नवी मैदाने अशी भर वर्षानुवर्षे पडत राहिली आणि कंपनीने सोडून दिलेला खेळ चाहत्यांनी जिवंत ठेवला.

त्या काळातील उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम आणखी जिकिरीचे होते. इंटरनेटचा वेग बेताचा आणि भारनियमन पाचवीला पुजलेले. मोठी फाइल उतरवताना वीज गेली, की बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे सीडी आणि पेनड्राइव्ह हातोहाती फिरत. मोबाइल इंटरनेट स्वस्त झाल्यावर ही अडचण बरीच दूर झाली. वेळ मात्र तेवढाच लागतो.

वेळ नेमका कुठे जातो?

याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. ‘क्रिकेट ०७’मध्ये संघांची माहिती एका फाइलमध्ये, चेहरे व गणवेशांची चित्रे दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये, तर इतर साहित्य मोठ्या गठ्ठ्यांत बांधलेले असते. एखाद्या फाइलचे नाव चुकले, तर बदल दिसत नाही किंवा खेळच बंद पडतो. शिवाय प्रत्येक पॅच तयार करणाऱ्याने मूळ खेळ जसाच्या तसा आहे असे गृहीत धरलेले असते. दोन पॅच एकाच फाइलवर हक्क सांगू लागले, की भांडण ठरलेलेच.

नोव्हेंबर २०११ मध्ये आलेल्या ‘स्कायरिम’ या खेळात ही गुंतागुंत शिगेला पोहोचते. तेथे शेकडो मॉड एकत्र बसवता येतात. परंतु त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. नंतर वाचला जाणारा मॉड आधीच्याचा बदल पुसून टाकतो. साहजिकच प्रत्येक बदलानंतर खेळ सुरू करायचा, पाहायचे, बंद करायचे आणि क्रम बदलून पुन्हा सुरू करायचे, हे चक्र चालू राहते. त्यातच कंपनीने मूळ खेळात सुधारणा केली, तर नीट बसलेली घडी विस्कटते. एप्रिल २०२४ मध्ये ‘फॉलआउट ४’च्या सुधारित आवृत्तीमुळे अनेक मॉड निकामी झाले, ‘फॉलआउट : लंडन’ या भव्य मॉडचे प्रकाशनही जुलैपर्यंत लांबले.

एवढा खटाटोप करण्यात लोकांना गोडी का वाटते? मायकल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली या संशोधकांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. सुटे भाग जोडून फर्निचर उभे करायला लावणाऱ्या ‘आयकिया’ कंपनीवरून त्यांनी या प्रवृत्तीला ‘आयकिया परिणाम’ असे नाव दिले. स्वतः घडवलेली वस्तू माणसाला अधिक मोलाची वाटते, हा त्यांचा निष्कर्ष. मात्र त्याला एक महत्त्वाची पुस्तीही होती. काम अपुरे राहिले किंवा केलेली वस्तू मोडून टाकावी लागली, तर हे मोल उरत नाही.

मॉडिंगमधील वेळेचा हिशेबही याच कसोटीवर मांडायला हवा. काम तडीस जाते, तेव्हा त्यातून बरेच काही हाती लागते. ‘हाफ-लाइफ’ या खेळाचा मॉड म्हणून १९९९ मध्ये दोन हौशी तरुणांनी सुरू केलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ २००० मध्ये स्वतंत्र खेळ म्हणून बाजारात आला. ‘डोटा’ हादेखील ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळाचा मॉडच होता. प्रत्येकाच्या वाट्याला असे यश येणार नाही, हे उघड आहे. तरीही चूक कुठे आहे हे टप्प्याटप्प्याने शोधणे, सूचना बारकाईने वाचणे, चित्रांवर काम करणे ही कौशल्ये या छंदातून येतात. शिवाय परदेशी कंपनी आपल्या मुलखाकडे बहुधा वळत नाही. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’मध्ये महाराष्ट्राची लाल एसटी धावली, ती हौशी मंडळींमुळेच. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रस्त्यावर रोज दिसणारी गाडी खेळात पाहण्याचा आनंद विकत मिळत नाही.

अर्थात, दुसरी बाजूही आहे. मॉड करणाऱ्याला सहसा मोबदला मिळत नाही. एप्रिल २०१५ मध्ये ‘स्कायरिम’चे मॉड विकण्याची योजना आली, ती खेळाडूंच्या विरोधामुळे चार दिवसांतच गुंडाळावी लागली. अनोळखी ठिकाणाहून घेतलेल्या फाइलमधून व्हायरस येण्याचा धोकाही असतो. आणि सर्वात मोठा तोटा म्हणजे सतत पुढे सरकणारे ध्येय. ‘आणखी एकच मॉड’ म्हणता म्हणता परीक्षा जवळ येते, खेळ मात्र सुरूच झालेला नसतो. हा वेळ ना खेळाचा, ना शिकण्याचा.

त्यावर उपाय साधे आहेत. मूळ खेळाची एक प्रत बाजूला जपून ठेवावी. एका वेळी एकच बदल करून तो तपासावा. काय हवे आहे याची यादी आधीच करावी आणि ती पूर्ण झाली की थांबावे. पालकांनीही ‘किती वेळ बसलास?’ याबरोबरच ‘काय पूर्ण केलेस?’ असे विचारले, तर छंद आणि चाळा यांतील फरक मुलाच्याच ध्यानात येईल.

चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला घातला, तर बिघडत नाही. मसाला वाटता वाटता जेवणाची वेळ टळू नये, इतकेच!